वाहत्या पाण्याचा दाब कसा काढायचा: माळावरच्या टाकीपासून ठिबकपर्यंतचं गणित

"टाकी अठरा मीटर उंचावर आहे, म्हणजे खाली पावणेदोन-दोन किलो प्रेशर मिळणारच." अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीवाल्यांपासून वसमतच्या हळदवाल्यांपर्यंत हा हिशोब सगळीकडे ऐकू येतो. मग ठिबक सुरू होतं, शेवटच्या ओळीतली झाडं कोरडी राहतात आणि दोष पाईपवाल्याला किंवा ड्रिपरला (झाडाशी थेंब सोडणाऱ्या तोंडाला) जातो. उंचीवरून काढलेला तो आकडा चुकीचा नाही, पण तो थांबलेल्या पाण्याचा आहे. पाणी वाहू लागलं की त्याच उंचीतून वेगाचा आणि घर्षणाचा खर्च वजा होतो. हाती उरतो तो खरा दाब.

हे गणित बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचं नाही. लोक चुकतात ते पायऱ्यांच्या क्रमात आणि मोजमाप घेताना. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. माळावर सिमेंटची टाकी, तिथून ३०० मीटर लांब, ६३ मिलिमीटरचा (आपण दोन इंची म्हणतो तो) पीव्हीसी पाईप, आणि खाली ठिबकच्या फिल्टरआधी बसवलेलं प्रेशर गेज.

तयारी: वहीत आधी काय हवं

सगळा हिशोब मीटरमध्ये करा. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तळाला दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब देतो. गेजवरच्या '१ किलो'चा अर्थ तोच. पाण्याच्या मीटरमधल्या या दाबाला 'हेड' म्हणतात. शेवटी दहाने भागलं की किलो मिळतात. गेजवर पीएसआयचा आकडा असेल तर १ किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय.

सोबत लागेल: लांब टेप, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, पाईपच्या तुकड्याचा आतला व्यास मोजायला कॅलिपर किंवा बारीक पट्टी, घड्याळ आणि गेज. गेज ० ते ४ किलोचं घ्या. ० ते १६ किलोच्या गेजवर सव्वा आणि दीड किलोतला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि आपलं सगळं काम त्याच पट्ट्यात आहे.

गेजची टी (तीन तोंडांचा जोड) सरळ पाईपवर बसवा. एल्बोला (वळणाच्या जोडाला) किंवा कॉकला चिकटून बसवू नका, तिथे पाणी घुसळत असतं. छिद्राची आतली कड घासून साफ करा. गेजचं तोंड पाण्याच्या धारेला काटकोनात हवं. धारेसमोर तोंड केलं तर ते दाबाबरोबर वेगही मोजतं.

टप्पा १: उंची मोजा, पण कुठून कुठे?

उंची टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून गेजच्या मध्यापर्यंत मोजायची. टाकीच्या तळापासून नाही, पाईप जिथून निघतो तिथूनही नाही. टाकीत पाणी एक मीटर उतरलं की खाली ०.१ किलो दाब कमी होतो, म्हणून मोजताना पाणी किती होतं ते लिहून ठेवा. टाकी रुंद केल्याने दाब वाढत नाही, पाणी जास्त वेळ पुरतं इतकंच.

मोबाईलवर दिसणारी समुद्रसपाटीपासूनची उंची या कामात वापरू नका. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते, आणि पाच मीटरची चूक म्हणजे अर्धा किलो. लेव्हल नळीने टप्प्याटप्प्याने उतरत या. वेळ लागतो, पण आकडा पक्का मिळतो.

आपल्या उदाहरणात उंची १८ मीटर भरली.

*पडताळणी:* ठिबककडचा कॉक पूर्ण बंद करा, पाइपातली हवा जाऊ द्या आणि गेज वाचा. १.८ किलो दाखवायला हवं. १.६ दाखवत असेल तर एक तर उंची १६ मीटरच आहे, किंवा गेज खराब आहे, किंवा पाईप कुठेतरी गळतो आहे आणि पाणी अजून वाहतंय. हे सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २: प्रवाह मोजा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते

बहुतेक जण पाइपाचं तोंड मोकळं करून २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. आपल्या उदाहरणात तो ड्रम ४० सेकंदांत भरतो, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. मग वहीत लिहिलं जातं: प्रवाह ५ लिटर, प्रेशर १.८ किलो.

हे दोन आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात. कॉक बंद असताना १.८ किलो दाब असतो आणि प्रवाह शून्य. तोंड पूर्ण मोकळं असताना ५ लिटर प्रवाह असतो आणि तोंडाशी गेज शून्य दाखवतं, कारण अठराच्या अठरा मीटर वाटेतच खर्च झालेले असतात. पाणी धो धो पडताना दिसतं म्हणून तिथे दाब आहे असं वाटतं. आपलं ठिबक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं. म्हणून प्रवाह ठिबक चालू असतानाच मोजला पाहिजे.

त्याची खात्रीची पद्धत टाकीतच आहे. टाकीत पाणी येणं बंद करा, ठिबकचा एक सेक्शन (एका कॉकवर चालणारा शेताचा भाग) सुरू करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग अर्ध्या तासात पातळी किती उतरते ते मोजा. टाकी ६ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर. अर्ध्या तासात पातळी १५ सेंटिमीटर उतरली, म्हणजे साडेचार घनमीटर पाणी गेलं. तासाला ९ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २.५ लिटर.

ड्रिपर मोजून ताळा घ्या. तासाला ४ लिटरचे २२५० ड्रिपर असतील तर ९००० लिटर, म्हणजे तेच ९ घनमीटर. पण साध्या ड्रिपरवरचा ४ लिटरचा आकडा साधारण १ किलो दाबाचा असतो. दाब ०.८ किलो झाला की तोच ड्रिपर ३.६ लिटरच्या आसपास देतो. क्षारांनी तोंडं बुजली असतील तर आणखी कमी. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यात हे नेहमी घडतं. दोन आकड्यांत फरक आला तर टाकीचा धरा.

टप्पा ३: वेग काढा

वेगासाठी पाइपाचा आतला व्यास लागतो. पीव्हीसी पाईपवर छापलेला ६३ हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. आत किती जागा उरते ते जाडीवर, म्हणजे पाईप ४ किलो दाब सोसणारा आहे की ६ किलो यावर ठरतं. उरलेला तुकडा घेऊन मोजा. आपल्या उदाहरणात आतला व्यास ५९ मिलिमीटर आहे.

वेग (मीटर प्रति सेकंद) = १२७३ × प्रवाह (लिटर प्रति सेकंद) ÷ (व्यास मिलिमीटरमध्ये × तोच व्यास)

१२७३ × २.५ ÷ ३४८१ = ०.९१ मीटर प्रति सेकंद.

प्रवाहाला क्षेत्रफळाने भागण्याचंच हे सोपं रूप आहे. आता या वेगासाठी किती उंची खर्च झाली ते काढा:

वेगाचं हेड = वेग × वेग ÷ १९.६२ = ०.०४३ मीटर.

१९.६२ म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, ९.८१ ची, दुप्पट. उत्तर जेमतेम चार सेंटिमीटर आलं, म्हणून ते सोडून देऊ नका. पुढच्या दोन्ही टप्प्यांचा पाया हाच आकडा आहे.

*सावध:* वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर आला तर त्या प्रवाहाला पाईप लहान पडतोय, हे इथेच समजून घ्या.

टप्पा ४: घर्षणाचा खर्च

घर्षण = ०.०२ × (लांबी ÷ व्यास) × वेगाचं हेड

इथे लांबी आणि व्यास दोन्ही मीटरमध्ये. ५९ मिलिमीटर म्हणजे ०.०५९ मीटर. व्यास मिलिमीटरमध्ये ठेवला की उत्तर हजारपट लहान येतं आणि माणूस घर्षण नगण्य समजून पुढे जातो.

०.०२ × (३०० ÷ ०.०५९) × ०.०४३ = साधारण ४.३ मीटर.

०.०२ हा गुळगुळीत प्लॅस्टिक पाइपासाठी सुरक्षित बाजूचा आकडा आहे. जुन्या, गंजलेल्या लोखंडी पाइपाला तो दुपटीपर्यंत जातो.

या सूत्रातल्या दोन गोष्टी मनात पक्क्या बसवा. प्रवाह दुप्पट केला की घर्षण चौपट होतं. आणि व्यासाचा परिणाम तर त्याहून मोठा आहे, कारण प्रवाह तोच ठेवला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतं. ५९ ऐवजी ६३ मिलिमीटर धरून हिशोब केला तर घर्षण ४.३ ऐवजी ३.१ मीटर येतं, म्हणजे केवळ बाहेरचा व्यास धरल्याने ०.१२ किलोची चूक. उलट खरोखरच अडीच इंची, आतून ७० मिलिमीटरचा पाईप टाकला तर तेच घर्षण १.८ मीटरवर येतं. गोदाकाठाहून किंवा जायकवाडीच्या फुगवट्यातून किलोमीटर-दोन किलोमीटर पाईप टाकताना लोक मोटरचा हॉर्सपॉवर वाढवतात. आधी व्यासाचं हे गणित करावं. मोठी मोटर चालवाल तेव्हा दर वेळी जादा वीज खाते, पाइपाचा खर्च एकदाच होतो.

टप्पा ५: वळणं, कॉक, टी

प्रत्येक जोडाला एक गुणक असतो. त्यांची बेरीज करून वेगाच्या हेडने गुणायचं. टाकीतून पाइपात शिरताना ०.५, काटकोनी एल्बोला ०.९, पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हला ०.२, टीमधून आडवं वळताना १.८.

आपल्याकडे एक प्रवेश, चार एल्बो, एक व्हॉल्व्ह: ०.५ + ३.६ + ०.२ = ४.३. गुणिले ०.०४३ म्हणजे ०.१८ मीटर.

लांब पाईपलाइनला हा खर्च किरकोळ असतो. पण अर्धवट उघडा राहिलेला कॉक किरकोळ नाही, तो एकटाच सगळ्या एल्बोंपेक्षा जास्त दाब खाऊ शकतो.

टप्पा ६: वजाबाकी

बर्नोलीचा नियम इथे कामाला येतो. घर्षण नसेल तर उंची, दाब आणि वेग या तिन्हींच्या हेडची बेरीज वाटेत बदलत नाही. घर्षण असेल तर तेवढं वजा करायचं. टाकीच्या पृष्ठभागावर गेजचा दाब शून्य आणि वेगही जवळपास शून्य, म्हणून सुरुवातीला फक्त उंची.

दाब = १८ − ०.०४ − ४.३ − ०.१८ = साधारण १३.५ मीटर, म्हणजे १.३५ किलो.

उंचीवरून धरलेले १.८ किलो आणि हा १.३५, यातल्या फरकावरच शेवटच्या लॅटरलचं (ड्रिपर बसवलेल्या ओळीतल्या नळीचं) नशीब ठरतं. फिल्टर, सबमेन (लॅटरलना पाणी पोचवणारा पाईप) आणि लॅटरल अजून पुढे आहेत.

*पडताळणी:* ठिबक चालू ठेवून गेज वाचा. १.३ ते १.४ दिसलं तर हिशोब बरोबर. १.० दिसलं तर साडेतीन मीटर कुठेतरी जादा खर्च होत आहेत: कॉक अर्धवट, टाकीच्या तोंडाशी कचरा, पाइपात अडकलेली हवा, किंवा वरच्या बाजूची गळती. लाइनच्या मध्यावर टी टाकून दुसरं गेज लावा आणि तिथपर्यंतचा हिशोब वेगळा करा. कोणत्या अर्ध्यात गडबड आहे ते कळेल. गेज हिशोबापेक्षा जास्त दाखवत असेल तर आनंद मानू नका. प्रवाह तुम्ही धरला त्यापेक्षा कमी आहे, बहुधा ड्रिपर बुजलेत.

टप्पा ७: वाटेतल्या टेकाडाचा हिशोब

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि वर्षानुवर्षं 'लाइन हवा धरते' म्हणत राहतात. बालाघाटाच्या पायथ्याच्या चढउताराच्या रानात पाईप सरळ उतारावरून क्वचितच येतो.

समजा टाकीपासून १२० मीटरवर एक टेकाड आहे आणि तिथे पाईप टाकीतल्या पाण्यापेक्षा फक्त १ मीटर खाली आहे. बंद पाण्यात तिथे १ मीटर दाब आहे, म्हणजे सगळं ठीक वाटतं. आता वाहत्या पाण्याचा हिशोब करा. १२० मीटरचं घर्षण १.७३, प्रवेश आणि एक एल्बो मिळून ०.०६, वेगाचं हेड ०.०४.

१ − १.७३ − ०.०६ − ०.०४ = उणे ०.८३ मीटर.

उणे म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. सैल जोडातून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, पाण्यात विरघळलेली हवाही तिथे सुटून साचते आणि प्रवाह गुदमरतो. अशा जागी एअर व्हॉल्व्ह बसवला तर चालू पाण्यात तोच हवा आत घेतो. काळ्या भारी जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडून जोड हलतात, तिथे तर हे हमखास.

उपाय हिशोबातूनच निघतो. पहिल्या १२० मीटरमध्ये ७० मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाईप टाका. घर्षण ०.७४ वर येतं, बाकीचा खर्च ०.०५, आणि टेकाडावर दाब अधिक ०.२ मीटर होतो. नाही तर त्या जागी चर खोल खणून पाईप खाली घ्या. मोठा पाईप शेवटच्या भागात टाकून हा प्रश्न सुटत नाही, उलट प्रवाह वाढून टेकाडावरचा दाब आणखी उतरतो.

म्हणून लाइनवरचा प्रत्येक उंचवटा वहीत मांडा आणि तिथला दाब स्वतंत्र काढा.

टप्पा ८: अरुंद जागेचा गैरसमज

"पाईप बारीक केला की प्रेशर वाढतं." हे नळीच्या तोंडावर अंगठा धरण्यावरून आलेलं आहे. अंगठा धरल्यावर धार लांब जाते हे खरं. पण कारण असं की प्रवाह कमी झाला, त्यामुळे मागच्या नळीतलं घर्षण घटलं आणि अंगठ्याच्या मागे दाब साठला. प्रवाह तेवढाच ठेवून मधेच बारीक पाईप टाकला तर त्या अरुंद भागात वेग वाढतो आणि दाब घटतो.

आपल्या लाइनमध्ये मधेच आतून २९ मिलिमीटरचा तुकडा आला तर वेग ३.७८ आणि वेगाचं हेड ०.७३ मीटर होतं. घर्षण सोडूनही तिथला दाब जवळपास ०.७ मीटरने उतरतो.

खताची व्हेंचुरी (मधे अरुंद असलेली, ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी) याच नियमावर चालते. तिची मधली अरुंद जागा ६ मिलिमीटर धरा आणि तीतून सेकंदाला अर्धा लिटर पाणी जाऊ द्या. वेग १७.७, वेगाचं हेड जवळपास १६ मीटर. आत येणारा दाब १३.५ मीटर, म्हणून अरुंद जागी दाब उणे अडीच मीटरच्या आसपास, आणि शेजारच्या खताच्या टाकीतलं खत आपोआप ओढलं जातं. व्हेंचुरी ओढत नसेल तर तीतून पुरेसं पाणी जात नाही. मुख्य लाइनवरचा कॉक थोडा दाबून दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक तयार करा.

टाकीऐवजी मोटर असेल तर

पंपाच्या पाटीवर जास्तीत जास्त हेड आणि जास्तीत जास्त डिस्चार्ज छापलेले असतात. टप्पा २ मधलीच चूक इथे पुन्हा होते. हे दोन आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. त्यापेक्षा पंपाच्या डिलिव्हरीवर गेज लावा आणि चालू अवस्थेत वाचा. व्होल्टेज कमी असलं तरी त्याचा परिणाम त्या आकड्यात आलेला असतो.

गेज ३.२ किलो दाखवतंय, शेत ८ मीटर वर, लाइन आणि प्रवाह मघाचाच: ३२ − ८ − ४.५ = १९.५ मीटर, म्हणजे १.९५ किलो. इथे वेगाचं हेड वजा करायचं नाही, कारण दोन्ही गेज एकाच व्यासाच्या पाइपावर आहेत आणि दोन्हीकडे वेग सारखाच आहे.

सक्शनचा, म्हणजे विहिरीतल्या पाण्यापासून पंपापर्यंतच्या भागाचा, हिशोब वेगळा ठेवा. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते. मराठवाड्याच्या उंचीवर हवेचा दाब पाण्याच्या साधारण साडेनऊ ते पावणेदहा मीटर इतकाच आहे. त्यातून फूटव्हॉल्व्हचा (सक्शन पाइपाच्या तळाच्या झडपेचा), सक्शन पाइपाचा आणि पंपाचा स्वतःचा खर्च जातो. म्हणून मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला, पाण्याबाहेर बसणारा पंप) पाण्यापासून सहा मीटरच्या आत ठेवा, आणि हे अंतर दिवाळीतल्या पातळीवरून नाही, मे महिन्यातल्या पातळीवरून मोजा.

कॉक बंद करण्याआधीचा इशारा

वरचं सगळं गणित एकसारख्या वाहणाऱ्या पाण्याचं आहे. कॉक झटकन बंद केला की दाबाचा धक्का बसतो आणि तो वेगळा काढावा लागतो. पीव्हीसी पाइपात हा धक्का सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाने जातो. आपल्या ०.९१ च्या वेगाला तो जवळपास २.८ किलो भरतो. आधीचा १.३५ धरून ४.१५ किलो, म्हणजे ४ किलोचा पाईप मर्यादेबाहेर गेला. ३०० मीटर लाइनवर धक्का टोकाला जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात. त्याहून कमी वेळात कॉक बंद झाला तर पूर्ण धक्का बसतो. कॉक त्याच्या कितीतरी पट सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेऊन फिरवा. सेक्शन बदलताना पुढचा कॉक आधी उघडा, मग चालू असलेला बंद करा.